जुना २५००के आणि जळगावचा उन्हाळा : ओव्हरक्लॉकच्या नोंदी

८ मार्च २०२५, शनिवार

पीसी २०११ चा आहे. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-२५००के, असूसचा पी८पी६७ बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ १३३३ रॅम, २४० जीबीचा एसएसडी. ग्राफिक्स कार्ड तेवढं नंतरचं, जीटीएक्स १०६० ६ जीबी, मागच्या वर्षी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलं. इतकी वर्षं हा प्रोसेसर कंपनीने दिलेल्या स्पीडवरच चालला, त्यापेक्षा जास्त पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉक. नावात 'के' असलेला, म्हणजे मल्टिप्लायर (मूळ घड्याळाला ज्या आकड्याने गुणून स्पीड ठरतो तो) उघडा असलेला प्रोसेसर, आणि त्यावर टॅली आणि पिक्चर.

आता हात का घालतोय तर जीटीए फाइव्ह हा गेम. गेममधल्या शहरात गाडी पळवली की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) धाडकन खाली येतो, आणि तेव्हा स्क्रीनवरच्या आकड्यांत बघितलं तर चारही कोअर १०० टक्क्यांवर आणि ग्राफिक्स कार्ड ६५ ते ७० टक्क्यांवर आरामात बसलेलं. म्हणजे कार्ड रिकामं आहे, प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाहीये. अशा वेळी ग्राफिक्स सेटिंग लो केली तरी काही फरक पडत नाही, उलट लोक तेच करत बसतात आणि गेम भंगार दिसतो ते वेगळंच.

२५००के जानेवारी २०११ ला आला, ३२ नॅनोमीटरचा, चार कोअर चार थ्रेड (एका वेळी चार कामं), बेस ३.३ आणि टर्बो (गरजेला आपोआप वाढणारा स्पीड) ३.७ गिगाहर्ट्झ. पण तो ३.७ फक्त एकच कोअर काम करत असेल तेव्हाचा. चारही कोअरवर लोड आला की ३.४. गेममध्ये चारही कोअर जुंपलेले असतात त्यामुळे माझा खरा आकडा ३.४ च, डब्यावर काही का छापलं असेना.

सुरुवातीचं माप घेऊन ठेवलं, नंतर तुलनेला लागणार:
सिनेबेंच आर१५ (प्रोसेसरचा वेग मोजणारी चाचणी) : ४५२
जीटीएचा आतला बेंचमार्क, १०८०पी, बहुतेक सेटिंग हाय : सरासरी ६४ एफपीएस, १ टक्का लो (सगळ्यात संथ १ टक्का क्षणांचा एफपीएस) ३९
प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) स्मॉल एफएफटी, दहा मिनिटं, खोली २९ डिग्री : ९१ डिग्री (!)

९१. स्टॉक स्पीडला. याची मर्यादा ९८ आहे, तिथे पोचला की स्वतःच स्पीड तोडतो. या अवस्थेत ओव्हरक्लॉकचं नाव काढायला नको, आधी साफसफाई.

९ मार्च, रविवार

कॅबिनेट गच्चीवर नेऊन उघडलं. ब्लोअर मारला तर जे बाहेर आलं त्याला धूळ म्हणवत नाही, आमच्याकडे दिवाळीपासून कापसाचा सीझन, जिनिंगकडून येणारं ते बारीक तंतूसारखं काय असतं ते हीटसिंकच्या पात्यांमध्ये जाऊन नमद्यासारखं बसलेलं. नखाने ओढलं तर अख्खी चकती निघाली, पात्यांची छाप उमटलेली. त्यातून हवा कशी जाणार.

इंटेलचा सोबत आलेला कूलर म्हणजे ॲल्युमिनियमची बुटकी चकती, त्याच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एक ढिली झालेली. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) वाळून खडू. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिस्टकडे मिळतं, ते आणि जुन्या बनियनचा तुकडा, दहा मिनिटांत प्रोसेसर आरशासारखा.

नवीन कूलर हायपर २१२ घेतला, चार तांब्याच्या हीटपाइप आणि १२० मिमीचा पंखा. याच्या हीटपाइप सरळ प्रोसेसरला टेकतात आणि मधे बारीक फटी असतात, त्या फटींमध्ये आधी पेस्ट भरून कार्डाने सपाट केली आणि मग वर पाइपांवर बारीक रेघा. नुसता मधोमध वाटाण्याएवढा ठिपका ठेवला तर अर्धी पेस्ट फटींतच जाते. याला मागून पट्टी लावावी लागते आणि माझ्या जुन्या कॅबिनेटला मागे खिडकी नाही, त्यामुळे अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागला. अर्धा दिवस गेला. आईने दोनदा येऊन विचारलं, "हे परत जोडता येतं ना रे तुला?"

एक चांगलं आहे की सँडी ब्रिज, म्हणजे २५००के च्या या पिढीत आतला चिप आणि वरची धातूची टोपी यांच्यामध्ये सोल्डर आहे. पुढच्या आयव्ही ब्रिजपासून इंटेलने तिथे पेस्ट लावायला सुरुवात केली आणि लोक ब्लेड घेऊन टोप्या काढत बसले. माझ्याकडे तो उद्योग करायची गरज नाही.

हवा आत ओढायला समोर एक पंखा, मागे बाहेर फेकायला एक. समोरच्या पंख्यावर मच्छरदाणीची जुनी जाळी दुहेरी करून चार क्लिपांनी लावली. दर रविवारी काढून झटकायची.

तेच प्राइम९५, खोली २८ : ५७ डिग्री. ९१ वरून ५७.

१४ मार्च, धुळवड

बाहेर रंग चालू, मी आत बायोसमध्ये (बोर्डाची सेटिंग जिथे बदलतात ते पान).

हे आधी लिहून ठेवतो, कारण अजूनही लोक जुन्या पद्धतीने सांगतात की एफएसबी (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या बसचा स्पीड) वाढव. ती पद्धत कोअर २ पर्यंतची. सेलेरॉन ३००ए नावाचा १९९८ चा स्वस्त प्रोसेसर होता, त्याचा मल्टिप्लायर ४.५ ला कुलूपबंद, पण बस ६६ वरून १०० केली की ३०० चा थेट ४५० मेगाहर्ट्झ व्हायचा. नंतर क्यू६६०० होता, ९ चा मल्टिप्लायर, बस २६६ वरून ३३३ केली की २.४ चा ३.० आणि बऱ्याच जणांना व्होल्टेजला हातही लावावा लागायचा नाही. सँडी ब्रिजमध्ये मात्र इंटेलने क्लॉक जनरेटर चिपसेटमध्ये घातला आणि पीसीआय एक्स्प्रेस, साटा (कार्ड आणि डिस्कच्या जोडण्या) सगळं त्या एकाच १०० मेगाहर्ट्झच्या बीसीएलकेला (बेस क्लॉक, मूळ घड्याळ) बांधलं. तो १०३-१०५ च्या वर नेला की हार्ड डिस्कपासून सगळं बोंबलायला लागतं. त्यामुळे बीसीएलके १०० ला ठेवायचा आणि फक्त मल्टिप्लायर, तोही 'के' प्रोसेसर आणि पी६७ किंवा झेड६८ सारखा बोर्ड असेल तरच. एच६१ वाल्यांनी उगाच वेळ घालवू नये.

एआय ट्वीकर (बायोसमधलं ओव्हरक्लॉकचं पान) : ओव्हरक्लॉक ट्यूनर मॅन्युअल, बीसीएलके १००, टर्बो रेशो 'बाय ऑल कोअर्स', ४० (१०० गुणिले ४०, म्हणजे ४.० गिगाहर्ट्झ). व्होल्टेजला हात नाही. सेव्ह, रीस्टार्ट, विंडोज चालू, अर्धा तास प्राइम९५, काही नाही. ४.० फुकटात मिळाला, याला काही अक्कल लागत नाही.

व्होल्टेज ऑटोवर ठेवायचा नाही मात्र. ४.० ला बोर्डाने स्वतःच १.३० च्या आसपास दिलं, जे लागतच नव्हतं. बोर्डाला फक्त क्रॅश होऊ द्यायचं नसतं, आपलं तापमान त्याच्या हिशोबात नसतं.

बाहेर गल्लीतली पोरं दार वाजवत होती. ४२ लावून बघितला, १.२३ व्होल्टवर चालला, मग गेलो.

१६ मार्च, रविवार

आज व्होल्टेजचा दिवस.

पद्धत साधी: मल्टिप्लायर एक पायरी वर, चालला तर पुढे, पडला तर व्होल्टेज ०.०१ ने वर. पडण्याचेही प्रकार असतात आणि ते वाचता आले की निम्मं काम होतं. निळ्या स्क्रीनवर डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर (जुना कोड ०x१२४) किंवा क्लॉक वॉचडॉग टाइमआउट (०x१०१) आला तर या पिढीत बहुतेक वेळा व्हीकोअर (कोअरला मिळणारा व्होल्टेज) कमी पडतोय. पेज फॉल्ट वगैरे यायला लागलं तर रॅमकडे बघायचं.

सगळ्यात कामाची गोष्ट निळी स्क्रीन नाहीच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडायचा आणि तिथे डब्ल्यूएचईए-लॉगर, आयडी १९ अशी पिवळी ओळ आहे का बघायचं. आत लिहिलेलं असतं की हार्डवेअर एरर आली होती पण दुरुस्त झाली, प्रकार इंटर्नल पॅरिटी एरर. मशीन पडलेलं नसतं, गेम मस्त चाललेला असतो, आपण खुश असतो, आणि प्रोसेसर आतल्या आत चुका करून निस्तरत असतो. ४.४ ला १.२९ वर प्राइम९५ तासभर पास झालं, आणि जीटीए अर्धा तास खेळल्यावर लॉगमध्ये तीन ओळी. १.३० ला एक. १.३१ ला शून्य, तीन तास खेळूनही शून्य. मग १.३१ फायनल.

लोड-लाइन कॅलिब्रेशन (एलएलसी). लोड आला की व्होल्टेज थोडा खाली बसतो, व्हीड्रूप म्हणतात, ते मुद्दाम तसंच डिझाइन केलेलं असतं. एलएलसी त्याला वर उचलून धरतं. या बोर्डावर रेग्युलर, मीडियम, हाय, अल्ट्रा हाय आणि एक्स्ट्रीम असे पर्याय आहेत. एक्स्ट्रीमला आकडा एकदम सरळ दिसतो म्हणून लोकांना आवडतो, पण लोड अचानक सुटला की क्षणभर व्होल्टेज ठरवल्यापेक्षा वर उसळी मारतो आणि ती उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसतसुद्धा नाही. 'हाय' वर ठेवला आणि विषय बंद.

पुढचे आकडे, खोली २८ डिग्री, सगळे प्राइम९५ चे:
४.२ : १.२३ व्होल्ट, ६६ डिग्री
४.४ : १.३१ व्होल्ट, ७४ डिग्री
४.५ : १.३६ व्होल्ट, ७९ डिग्री
४.६ : १.४० ला पण पडला, सोडून दिला

४.२ ते ४.४ ला ०.०८ व्होल्ट, आणि मग नुसत्या पुढच्या १०० मेगाहर्ट्झला ०.०५. इथून भिंत सुरू होते. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चिपमध्ये एक ४.८ ला जाते आणि एक ४.५ ला मान टाकते, नशिबाचा भाग आहे. माझी चिप मध्यमवर्गीय निघाली.

सिनेबेंच ४.४ ला ५८३. जीटीए सरासरी ७७, १ टक्का लो ४८.

सरासरीपेक्षा मला तो १ टक्का लो महत्त्वाचा वाटतो. ६४ चा ७७ झाला हे डोळ्याला फारसं कळत नाही, पण चौकात पोलिस मागे लागल्यावर जो गचका बसायचा तो ३९ चा ४८ झाल्यावर लगेच कळतो.

२२ मार्च, शनिवार

रॅम. १३३३ च्या दोन काड्या काढून १६०० च्या ८-८ च्या दोन टाकल्या, ओळखीच्या दुकानदाराकडे ऑफिसच्या भंगार मशीनमधल्या होत्या, डीडीआर३ आता कोणी विचारत नाही त्यामुळे स्वस्तात मिळाल्या. १.५ व्होल्टच्याच घेतल्या. १.६५ वाल्या जुन्या चमकदार हीटसिंकच्या काड्याही बाजारात दिसतात पण या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलर आतच असतो आणि इंटेलने १.५ सांगितलंय, कशाला ताण द्या.

दोन्ही सीएल९ (रॅमला उत्तर द्यायला ९ क्लॉक लागतात). हिशोब असा की १३३३ ला सीएल९ म्हणजे १३.५ नॅनोसेकंद, १६०० ला तोच सीएल९ म्हणजे ११.२५. बँडविड्थ दोन चॅनेल मिळून २१.३ वरून २५.६ जीबी प्रति सेकंद. रात्रभर मेमटेस्ट लावून झोपलो, सकाळी एरर शून्य.

जीटीए ८० आणि ५२. लो मध्ये आणखी चार वाढले, नुसत्या रॅमने. रॅमने गेममध्ये काही होत नाही असं इथे कॉम्प्युटर क्लासवाले ठासून सांगतात. ग्राफिक्स कार्ड अडत असेल तर नाही होत, प्रोसेसर अडत असेल तर होतं, एवढाच त्यातला प्रकार.

३० मार्च, गुढीपाडवा

काही केलं नाही, श्रीखंड आणि झोप. लॉग बघितला, स्वच्छ.

६ एप्रिल, रविवार

ग्राफिक्स कार्डाची पाळी. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा स्पीड बदलायचं सॉफ्टवेअर) कोअर +९०, मेमरी +४०० मेगाहर्ट्झ. चाललं. आणि जीटीएच्या शहरात फरक किती, तर शून्य. ८० चे ८०. अर्थात, कार्ड तिथे मुळात रिकामंच बसलेलं होतं, रिकाम्या माणसाला अजून जोर देऊन काय उपयोग. बाहेर गवताळ डोंगराळ भागात, ग्रास क्वालिटी वर केली की तिथे मात्र चार-पाच एफपीएस वाढले.

त्यापेक्षा वेगळीच गोष्ट दिसली. पास्कल पिढीची ही कार्डं तापमान वाढलं की १३-१३ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी आपोआप खाली उतरतात, ८३ डिग्रीच्या मर्यादेला पोचायच्या कितीतरी आधीपासून. सुरुवातीला २०००, वीस मिनिटांनी १९४०. आणि आज खोली ३५ होती. मे महिन्यात काय होणार ते दिसतंच आहे.

१९ एप्रिल, शनिवार

आता खरा खेळ सुरू.

दुपारी तीन वाजता खोलीतला थर्मामीटर ३९. पत्र्याची नाही, स्लॅबचीच खोली आहे पण वरचा मजला, पश्चिमेची भिंत. ४.४ ला प्राइम९५ : ८६. गेममध्ये मार्चात ६२-६३ असायचं ते आज ७४, पंखा फुल, हेडफोन घालूनही आवाज येतो.

हवेच्या कूलरचं गणित सोपं आहे, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा अमुक इतकी डिग्री वर ठेवतो, बस. माझ्या ४.४ ला तो फरक मार्चात ४६ होता (२८ वर ७४), आजही साधारण तेवढाच. जर्मनीतल्या किंवा कॅनडातल्या कोणीतरी २१ डिग्रीच्या खोलीत मारलेला ४.८ चा स्क्रीनशॉट बघून इथे बसून तेच व्होल्टेज लावणारे लोक असतात, त्यांच्या खोलीत आणि आपल्या खोलीत अठरा डिग्रीचं अंतर आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. जळगावात चिप कमी पडत नाही, एप्रिल जास्त पडतो.

म्हणून कागदावर मांडलं. चिप जी वीज खाते ती साधारण स्पीड गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. स्टॉक ३.४, १.२० व्होल्ट म्हणजे १ धरू.
४.२ ला १.२३ : १.२३५ गुणिले १.०५ = साधारण १.३०
४.४ ला १.३१ : १.२९४ गुणिले १.१९ = साधारण १.५४

म्हणजे ४.२ वरून ४.४ ला जाताना स्पीड वाढतो पाच टक्क्यांपेक्षा कमी आणि उष्णता वाढते एकोणीस टक्के. थंडीत हा सौदा परवडतो. आत्ता नाही.

लगेच ४.२ लावला, खोली ३९ च : प्राइम९५ ७७, गेम ६६. जीटीए ७७ आणि ५०. तीन एफपीएस दिले आणि आठ-नऊ डिग्री घेतल्या.

अजून एक बदल, मॅन्युअल व्होल्टेजच्या जागी ऑफसेट मोड, म्हणजे चिप स्वतः मागते त्या व्होल्टेजमध्ये ठराविक कमी-जास्त. मॅन्युअलला मशीन रिकामं असताना स्पीड १६०० ला उतरतो पण व्होल्टेज वरच राहतो. ऑफसेटला तोही १ च्या आसपास उतरतो. माझं मशीन दिवसभर टॅलीला चालू असतं, खेळणं रात्री दोन तास. दिवसभर विनाकारण खोली तापवायची कशाला. ऑफसेट किती ते प्रत्येक चिपचं वेगळं, लोडमध्ये सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये १.२३ दिसेपर्यंत पाच-पाच हजारांशाने सरकवत गेलो.

२६ एप्रिल, शनिवार

घरातला कूलर (पाण्याचा) बाहेर काढला, नवीन गवत बसवलं, टाकी धुतली. खिडकीतून लावला आणि तासाभरात खोली ३९ वरून ३१. हवा कोरडी आहे तोवर हा चमत्कार चालतो, जूनमध्ये दमट झालं की तोच कूलर नुसता पंखा.

मित्र म्हणाला, पाण्याची हवा पीसीला मारेल. दव धरायला वस्तू हवेपेक्षा थंड लागते, आणि पीसीतली प्रत्येक वस्तू खोलीपेक्षा गरमच आहे, त्यामुळे आत पाणी धरत नाही. भीती वेगळ्या गोष्टीची आहे. आमचं बोअरचं पाणी जड, कूलरच्या जाळीवर पांढरे थर चढतात, आणि तुषार सरळ कॅबिनेटवर आले तर ते क्षार बोर्डावर बसणार. म्हणून पीसी कूलरच्या झोतातून बाजूला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, समोरची जाळी झोताकडे नाही. काचेचा तुकडा पीसीशेजारी ठेवून दिलाय, आठवड्याने त्यावर पांढरे ठिपके दिसले तर अजून लांब सरकवणार.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)

ताई आली, भाचा आला. झोका वगैरे सगळं अंगणात, हा आल्या आल्या वर.

"मामा, तुझा पीसी अजून तोच आहे?"
"तोच. बस, खेळून बघ."

अर्ध्या तासाने खाली येऊन आईला सांगत होता की मामाने नवीन पीसी घेतला पण सांगत नाहीये.

तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस आहे, ६०० व्हीएचा, पण त्याने दोनदा किंचाळून मान टाकली आणि मशीन बंद. भाचा मिशनच्या मधोमध. यूपीएसवर ६०० लिहिलेलं असलं तरी वॅटमध्ये तो ३६० चा, आणि बॅटरी तीन वर्षं जुनी. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून प्लगला लावायचा वॅट मीटर आणला आणि मोजलं. ४.२ आणि कार्ड त्या +९० सेटिंगवर, मॉनिटर धरून गेममध्ये ३२५ ते ३३०. ४.४ ला ३४० च्या वर. यूपीएस बिचारा किती ओढणार.

१ मे, गुरुवार

सुट्टी. कार्डाचं उलटं केलं. ओव्हरक्लॉक काढला आणि अंडरव्होल्ट, म्हणजे व्होल्टेज कमी. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल एफ दाबलं की व्होल्टेज आणि स्पीडची वक्ररेषा उघडते, तिथे ०.९५० व्होल्टचा ठिपका उचलून १९११ मेगाहर्ट्झवर ठेवायचा आणि त्यापुढची रेषा सपाट करायची. आधी कार्ड १.०५ च्या आसपास खात होतं. आता स्पीड १९११ ला खिळलेला, वर नाही खाली नाही, कार्ड ७६ वरून ६७ डिग्री. आणि गंमत म्हणजे वीस मिनिटांनंतरचा स्पीड आधीच्या ओव्हरक्लॉकपेक्षा फार तर तीस मेगाहर्ट्झ कमी, जो शहरात कामालाच येत नव्हता.

वॅट मीटर : गेममध्ये २८० ते २८५.

भाच्याला खेळायला बसवून मीच मेन स्विच पाडला. यूपीएसने धरलं, चार मिनिटं. सेव्ह करून बंद करायला भरपूर झाली. भाच्याचं म्हणणं, "मामा सांगून तरी पाड ना."

गेममध्ये त्याला पॉप्युलेशन डेन्सिटी खाली ओढायला शिकवलं. रस्त्यावरची माणसं आणि गाड्या प्रोसेसर हलवतो, कार्ड नाही. ती अर्ध्यावर आणली की १ टक्का लो ५० चा ५५ होतो, आणि टेक्श्चर व्हेरी हाय केले तरी काही बिघडत नाही कारण ते काम कार्डाकडे आहे आणि त्याच्याकडे ६ जीबी पडून आहेत. सेटिंग कोणती कोणाच्या अंगावर पडते हे कळलं की जुन्या मशीनमधून अजून पाच-दहा एफपीएस निघतात, बायोसमध्ये न जाता.

४ मे, रविवार

बायोसमध्ये ओसी प्रोफाइल सेव्ह करायची सोय आहे. दोन केली. 'उन्हाळा' : ४२, ऑफसेट, एलएलसी हाय, रॅम १६००. 'हिवाळा' : ४४, लोडमध्ये १.३१, बाकी तेच. दोन्ही पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले कारण बोर्डाची सीआर२०३२ बॅटरी गेली तर नुसती तारीख नाही, ऑटो सेटिंग परत येतात, प्रोफाइलवर किती भरवसा ठेवायचा. बॅटरी बदलूनच टाकली, तीस रुपयांची वस्तू.

४.५ चं प्रोफाइल केलं नाही. १.३६ व्होल्ट रोज देऊन चौदा वर्षांच्या चिपकडून सव्वादोन टक्के काढायचे, ते नको. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता मिळून चिप हळूहळू झिजते, आज १.३१ ला चालणारा ४.४ दोन वर्षांनी १.३३ मागायला लागतो, आणि हा बोर्ड गेला तर तसाच पी६७ आता शोधत फिरावं लागेल. (माझ्या डब्यावर बी३ असा शिक्का आहे. २०११ च्या जानेवारीअखेर इंटेलला या चिपसेटच्या ३ गिगाबिटवाल्या साटा पोर्टमध्ये दोष सापडला आणि आधीचे बोर्ड परत मागवले, बी३ म्हणजे दुरुस्त केलेली खेप. जुना पी६७ कोणी विकत असेल तर हा शिक्का बघून घ्या.)

२०१८ च्या मेल्टडाउन-स्पेक्टर (प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष) पॅचमुळे हॅसवेल पिढीचे आणि त्याआधीचे प्रोसेसर विंडोजवर जास्त हळू होतात हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं, आणि ते पॅच बंद करणारं छोटं सॉफ्टवेअरही मिळतं. मी बंद केले नाहीत. याच मशीनवर जीएसटी भरतो, नेटबँकिंग करतो. दोन एफपीएससाठी तेवढं नको.

१८ मे, रविवार

रात्री खेळणं, दिवसा टॅली, लॉगमध्ये आयडी १९ ची एकही ओळ नाही. काचेवर ठिपके नाहीत. जाळी दर रविवारी झटकतो, दर वेळी राखाडी.

दोन जणांनी विचारलं की आम्ही पण करू का, म्हणून लिहितो. आधी गेममध्ये बघा कार्ड ९५ टक्क्यांच्या वर आहे का. असेल तर प्रोसेसर वाढवून काही मिळणार नाही. एवढ्यात पैसे घालायचेच असतील तर नुसत्या आय३-१२१००एफ ला सुद्धा हा ४.५ वरचा २५००के पकडू शकत नाही, चार कोअर असले तरी त्याचे आठ थ्रेड आहेत आणि प्रत्येक कोअर कितीतरी दमदार आहे. फक्त त्याला बोर्ड आणि रॅमही नवीन लागते. माझा सगळा खर्च कूलर, रॅम, पेस्ट, बॅटरी मिळून पाच हजारांच्या आत बसला म्हणून केलं. आणि माझ्या २५००के मध्ये एव्हीएक्स (प्रोसेसरला समजणाऱ्या खास आज्ञांचा संच) आहे पण एव्हीएक्स२ नाही, त्यामुळे काही नवे गेम कितीही ओव्हरक्लॉक केला तरी सुरूच होणार नाहीत. विंडोज १० च्या सपोर्टची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५ आणि ११ ला हा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे तोवर जीएसटीचं काम दुसऱ्या मशीनवर न्यायचं आहे. हा मग फक्त खेळायला.

बाकी राहिलेली कामं : यूपीएसची बॅटरी बदलणे. मागच्या पंख्याचं बेअरिंग कुरकुरतंय, तो बदलणे. पावसाळ्यात कूलर बंद झाल्यावर परत एकदा खोलीचं तापमान आणि गेममधलं तापमान लिहून ठेवणे. 'हिवाळा' प्रोफाइल दिवाळीनंतर.